औषध लागू पडेल का, हे विचारायच्या आधी

तुझा मेसेज वाचला. पहिल्यांदाच सायकोसिस (भास, संशय, वास्तवाचं भान सुटणं) झालेल्या पेशंटला औषध लागू पडणार की नाही हे आधीच सांगणारं कॉम्प्युटर मॉडेल करायचंय म्हणतोस, थीसिसला विषय लई भारी आहे, पण म्हाताऱ्याचं जरा ऐकून घे मग लॅपटॉप उघड.

२०२४ ला 'सायन्स' या जर्नलमध्ये एक पेपर आला होता तो आधी वाच. स्किझोफ्रेनियाच्या औषधांच्या ५ मोठ्या ट्रायलचा डेटा घेतला, मॉडेल ज्या ट्रायलवर शिकवलं तिथं झकास चाललं आणि दुसऱ्या ट्रायलचे पेशंट पुढं ठेवले की नाणं उडवल्यागत उत्तरं द्यायला लागलं. स्वतःच्या तालमीत सगळेच पैलवान असतात रे, खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरल्यावर कळतं. त्यामुळं तू आपल्या ओपीडीच्या ८०-९० पेशंटवर ९० टक्के अ‍ॅक्युरसी आणलीस तर मी पेढे वाटणार नाही, आधी विचारणार दुसरीकडच्या पेशंटवर लावून बघितलंस का.

सध्या हातात असलेली त्यातल्या त्यात चांगली खूण साधी आहे, पहिले २ आठवडे. तेवढ्यात लक्षणांचा स्कोअर २० टक्के सुद्धा उतरला नाही तर त्याच औषधानं पुढं फार काही होईल याची आशा कमी. पण पहिल्या एपिसोडची काही पोरं उशिरा सुधारतात, म्हणून लगेच फुली मारू नको.

आणि 'लागू पडलं नाही' म्हणजे नक्की काय झालं ते बघ. मी एकदा सपशेल फसलोय. शिरोळकडचा एक पोरगा होता, डोस वाढवला, औषध बदललं, फरक शून्य, फाईलवर नॉन रिस्पॉन्डर, म्हणजे औषध लागू न पडणारा, असं लिहून मोकळा झालो. तीन महिन्यांनी आई सांगते, डॉक्टर गोळी मी आमटीत घालत होतो, हा जेवतोय कुठं घरात! घरचे विष घालतात असा त्याला संशय, म्हणून दोन्ही वेळा बाहेर वडापाव. म्हणजे औषध पोटात गेलंच नव्हतं, आणि मी ते लागू पडत नाही म्हणत बसलो.

तसंच बिडीचं. बिडी-सिगरेटच्या धुरानं लिव्हरमधलं एन्झाइम जोरात चालतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन या सायकोसिसच्या औषधांची रक्तातली पातळी खाली येते. हे निकोटिननं नाही, धुरानं होतं, म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्याला ते लागू नाही. आपल्याकडं दोन्ही गिऱ्हाईकं भरपूर (बिडी-तंबाखूची निपाणी काय लांब आहे), फॉर्मवर नुसतं 'तंबाखू: हो' लिहून भागणार नाही.

आजार सुरू झाल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत किती काळ गेला हे पण घे, जितका उशीर तितकं सुधारणं अवघड, फरक फार मोठा नसला तरी आहे. फक्त तारीख विचारू नको, कुणाला आठवत नाही. जोतिबाच्या यात्रेआधी का नंतर, साखर कारखाना चालू होता का, असं विचार. आणि देवर्ष्याकडं किती महिने गेले ते न रागावता विचार, रागावलास की पुढच्या वेळी खोटं सांगतात.

आता खरा प्रश्न, आधी कळून करणार काय? दोन वेगवेगळी औषधं, पुरेसा डोस, प्रत्येकी किमान ६ आठवडे, आणि खरंच घेतलेली, एवढं होऊनही आजार हटत नसेल तर क्लोझापिन. १९८८ च्या केन नावाच्या डॉक्टरच्या ट्रायलमध्ये असल्याच हट्टी पेशंटपैकी ३० टक्के क्लोझापिननं सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिननं फक्त ४ टक्के. तरी आपण सगळे क्लोझापिनला लागणाऱ्या रक्ततपासणीच्या कटकटीपायी वर्षं घालवतो. तुझ्या मॉडेलनं असा एखादा पोरगा सहा महिने आधी क्लोझापिनवर आला तर मी ते मानणार, नुसत्या ग्राफचं मला काय कौतुक नाही.

सोमवारी ओपीडी संपल्यावर फॉर्म घेऊन ये. बिडी आणि मळून खायची तंबाखू यांचे कॉलम वेगळे करून आण, आणि गोळी कोण देतं, समोर गिळतो का, हा प्रश्न पहिल्या पानावर घे.