12345678987654321 ही मूळ संख्या आहे का? एक्सेलमध्ये टाकली की शेवटी 300 का दिसतं?

मूळ नाही. अंकांची बेरीज 81, म्हणजे 9 ने भाग जातो, विषय संपला. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. सतरा अंकी संख्येसाठी कागद घ्या.

एरवी इथे थांबले असते, पण याच संख्येपायी आठवीत मला भोपळा मिळाला होता.

आम्ही डोंबिवलीचे. सहामाहीत प्रश्न आला: हिचे मूळ अवयव पाडा, गुण 4. मला हसूच आलं, कारण ही आमच्या घरचीच संख्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांना डोंबिवली स्टेशनवर ज्या संख्या सुचल्या, त्यांना त्यांनी स्टेशनच्या जुन्या नावावरून डेमलो संख्या म्हटलं. ही त्यांतलीच. बाबांनी एका रविवारी 111111111 × 111111111 हा गुणाकार मांडून दाखवला होता: नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा 1, 2, 3 करत 9 पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा कुठेच नाही.

मग मी लिहिलं: हा 111111111 चा वर्ग. 111111111 = 111 × 1001001. त्यातले 111 = 3 × 37 आणि 1001001 = 3 × 333667. म्हणून उत्तर 3⁴ × 37² × 333667². अडीच ओळी.

सरांनी लाल पेनाने शेरा मारला, "रीत नाही. पाठांतर." शून्य! शेजारचा मुलगा 3 ने भागत बसला, दुसऱ्याच भागाकारात चुकला, त्याला 2.

माझं आजही स्पष्ट मत आहे: संख्येकडे न बघता भागाकार सुरू करणं ही रीत नव्हे, हमाली. कापरेकरांनाही अंकांशी खेळणारे मास्तर म्हणून हिणवलंच. 1975 मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं, मग सगळ्यांना त्यांची थोरवी दिसली. (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' हे नावही त्यांचंच. ही हर्षदही आहे, 81 ने भागून बघा.)

333667 मूळ आहे का, हे तपासायचं राहिलंच. त्याचं वर्गमूळ 577 च्या जरा पुढे, म्हणजे 106 मूळ संख्यांनी भागून बघायचं. तिथे मात्र हमालीला पर्याय नाही, आणि ती मी पेपरात केली नव्हती, हेही सांगते.

आणखी एक. पेपर हातात देताना सरांनी विचारलं होतं, "नऊऐवजी दहा एक असतील तर?" मी ठसक्यात म्हटलं, "तसंच, दहापर्यंत चढून उतरणार." तसं होत नाही. मधल्या घरात दहा येतात, हातचा लागतो आणि निघतं 1234567900987654321. तेवढं सरांचं बरोबर होतं.

पण पेपरात नऊच एक होते, सर.