वाचक विचारतात : टेकडीतला पांढरा दगड संगमरवर आहे का?

प्रश्न : आमच्या शेताला लागून असलेल्या टेकडीत पांढराशुभ्र, साखरेसारखे कण चमकणारा दगड उघडा पडला आहे. गावातील लोक त्याला गारगोटी म्हणतात, तर गवंडी त्याला संगमरवर म्हणतो. तो नेमका कसा ओळखावा? सुरुंग लावून तो काढला, तर नव्या घराच्या ओट्याला चालेल का?
— एक शेतकरी, रामटेक तालुका

उत्तर : गवंड्याचे म्हणणे खरे असण्याची चांगली शक्यता आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या उत्तर भागात सौसर समूहाचे अतिप्राचीन खडक आहेत. मनसर, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज याच समूहातले, आणि त्याच थरांच्या सोबतीने संगमरवरही आढळतो. चुनखडीवर भूगर्भात प्रचंड उष्णता व दाब पडून तिचे कण नव्याने स्फटिकरूप झाले की तिचा संगमरवर होतो. चंद्रपूरकडील सिमेंट कारखान्यांना पुरणाऱ्या चुनखडीवर असा संस्कार झालेला नाही, म्हणून ती चुनखडीच राहिली. अकोला, बुलढाण्याकडे तर बहुतेक सगळा लाव्हाचा काळा दगड आहे.

ओळख घरीच पटते. पोलादी चाकूने ताज्या तुटलेल्या भागावर ओरखडा ओढावा. संगमरवरावर तो सहज उमटतो. गारगोटीवर उमटत नाही, उलट गारगोटीच काचेवर चरा पाडते. नंतर दगडाची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याच्या जातीचा आहे. बुडबुडे फार मंद आले, तर त्यात डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेले चुन्याच्या जातीचे खनिज) अधिक असावे, आणि तोही संगमरवरच असतो.

सुरुंग मात्र कृपया लावू नये. खडी करायची असेल तर गोष्ट वेगळी, पण फरशीचा दगड सुरुंगाच्या धक्क्याने आतून तडकतो आणि ते बारीक तडे पॉलिश करताना उघडे पडतात. म्हणूनच राजस्थानातील मकराण्यासारख्या जुन्या खाणपट्ट्यांत आता खडकाला वरून एक व बाजूने एक अशी एकमेकांना मिळणारी भोके पाडतात, त्यांतून हिऱ्याचे मणी बसवलेली तार ओवतात आणि सतत पाणी सोडत त्या फिरत्या तारेने अखंड ठोकळा कापून काढतात. पुढे गँगसॉवर, म्हणजे अनेक पात्यांच्या यांत्रिक करवतीवर, त्याच्या लाद्या होतात. सौसरचे थर मात्र घड्या पडलेले आणि ठिकठिकाणी भेगाळलेले आहेत. दगड अस्सल असूनही मोठा ठोकळा सलग निघेलच असे नाही, आणि खाणीचे खरे मोल या सलगपणातच असते. शिवाय जमीन आपली असली तरी उत्खननाला जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागते. नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे आधी चौकशी करावी.

ओट्यासाठी मी संगमरवर सुचवणार नाही. लिंबू, चिंच, टमाटे आणि ताक यांतील आम्लाने त्याची चमक उडून निस्तेज डाग राहतात, हळदही त्यात मुरते. ओट्याला ग्रॅनाइट घ्यावा, संगमरवर देवघराला किंवा बैठकीच्या खोलीला शोभतो. तो साध्या साबणाच्या पाण्याने पुसावा. संडास धुण्याचे ॲसिड त्याच्यावर कधीही वापरू नये.