फेरीबोटीचा केक: मे महिन्यात, अंड्याशिवाय, पस्तीस मुलांसाठी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा पाच वर्षांचा होतोय आणि त्याला फेरीबोटीचा केक हवाय. वाढदिवस मेच्या शेवटच्या रविवारी, गोव्यातल्या दिवाडी बेटावर सासरच्या जुन्या घरी. एसी नाही, सासूबाई अंडं खात नाहीत, पस्तीस मुलं आणि वीसेक मोठी माणसं येणार. पुण्यात असताना तुम्ही बटरक्रीम लावून फाँडंटचे केक करायचात, पण फोंड्याला आल्यावर केलेला पहिलाच केक घामेजून ओघळला. तर चूक कुठे झाली आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

हातात काहीच चुकलं नाही, हवा बदलली. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि मेमध्ये आपल्याकडे दुपारी घरातला पाराही तिथेच असतो. फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर, आणि साखर हवेतलं पाणी ओढून घेते. त्यातून केक फ्रिजमधून काढून थेट दमट हवेत ठेवला की थंड पृष्ठभागावर दव धरतं, रंग चिकट होतो, मग वाहतो. मी फोंड्यात वीस वर्षं घरी केक करते आहे. पहिल्या तीन उन्हाळ्यांत माझेही असेच केक गेले. एका लग्नाच्या केकवरची लाल फुलं पांढऱ्या थरावरून गुलाबी ओघळ सोडत खाली आली होती, तो केक अजून डोळ्यासमोर आहे. त्यानंतर एप्रिल ते ऑक्टोबर फाँडंट मी हातात घेत नाही.

तुमच्यासाठी मी गनाश सुचवेन, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचा घट्ट लेप. एरवी डार्क चॉकलेटला निम्मं क्रीम घेतात. मेमध्ये तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम घ्या, म्हणजे तुमच्या केकला ६०० ग्रॅम डार्क कंपाउंड आणि २०० ग्रॅम फ्रेश क्रीम. कंपाउंडमध्ये कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेलातलं घट्ट फॅट असतं. चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या मागे पडतं हे मान्य, पण आपल्या उन्हाळ्यात टिकतं. क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवा, बारीक चिरलेल्या कंपाउंडवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत या. घट्ट श्रीखंडासारखं झालं की लावायला तयार. पांढऱ्या कंपाउंडची पूर्ण पांढरी फेरी दिसायला सुंदर होईल, पण इतकं गोड लागतं की मुलं दोन घासांत ताटली बाजूला ठेवतात. पांढरं फक्त केबिनला आणि कठड्याच्या रेघांना ठेवा.

आता केक. फेरीबोट मागितली हे तुमचं नशीब, कारण ती मुळात चपटा चौकोन आहे. डायनोसॉर मागितला असता तर अर्धा केक कापाकापीत गेला असता. ९ बाय १३ इंचांच्या टिनमध्ये दोन स्लॅब भाजा. एका स्लॅबला कंडेन्स्ड मिल्कचे ४०० ग्रॅमचे दोन डबे, २२५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ५०० ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा, दोन चमचे व्हॅनिला, साधारण ४०० मिली दूध आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. वेगळी साखर नको. १७० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. एवढा टिन तुमच्या ओव्हनमध्ये मावतो का, ते आधी मोजून बघा. आणि दोन्ही स्लॅबचं पीठ एकदम कालवू नका. व्हिनेगर आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुटायला लागतात, पीठ ताटकळलं तर दुसरा स्लॅब दडस होतो. पहिला बाहेर आला की मगच दुसरा कालवा.

एक स्लॅब मधोमध कापून एकावर एक ठेवला की साडेसहा बाय नऊ इंचांची, चार इंच उंच बोट तयार होते. मधल्या थरात ताजा आंबा घालायचा मोह होईल, घरात मानकुराद असणारच. घालू नका. ताज्या फोडींचं पाणी सुटतं, केक घसरतो आणि या हवेत संध्याकाळपर्यंत आंबूही शकतो. त्याऐवजी मांगाद, म्हणजे आपला आंब्याचा घट्ट जॅम, घाला. साखरेत आटवलेला असल्यामुळे पाणी सोडत नाही, आणि डार्क गनाशबरोबर त्याची आंबटगोड चव इतकी जुळते की मी आता हिवाळ्यातही हाच थर देते. मांगादची ही सवय मला शेजारच्या आंटीने लावली. ख्रिसमसच्या आधी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी भाजणं शिकले, तेव्हा ओव्हनचा आकडा बघण्याआधी वासावरून केक झाला की नाही ते त्या सांगायच्या.

सजावटीबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. केकवर एकच सुंदर बाहुली ठेवली की ती एकाच मुलाला मिळते. सांखळीला एका वाढदिवसाला मी परी करून दिली होती, दोन दिवस खपून. केक कापला आणि सात-आठ मुली परीसाठी रडायला लागल्या. वाढदिवसाची मुलगीही रडली, कारण तिला ती कुणालाच द्यायची नव्हती. त्या दिवसापासून मी सजावट वाटता येईल अशीच करते. तुमच्या फेरीवर गाड्या करा, मुलागणिक एक. पार्ले-जीचे अर्धे तुकडे घ्या, खालची बाजू वितळलेल्या कंपाउंडमध्ये बुडवून सुकवा म्हणजे ओल लागून मऊ पडणार नाहीत. वर छोटा तुकडा चिकटवला की टप झाला, बाजूंना जेम्सची चाकं. चाळीस करा, दोन-चार मोडतातच. दहा-बारा फेरीवर मावतील. बाकीच्या केकच्या पाटावर धक्क्यासमोर रांगेत उभ्या करा, रविवारी खरोखर असते तशी रांग. पाणी म्हणून सुक्या खोबऱ्याच्या किसाला जेल रंग चोळा. ओलं खोबरं वापरू नका, ते संध्याकाळपर्यंत वास मारतं. केबिन क्रीम वेफर बिस्किटांची, पांढऱ्या कंपाउंडने जोडलेली. पुढची उतरती फळी दोन बिस्किटांची.

केकवर जे काही असेल ते खाता यायला हवं. बाजारातली काही चमकी केवळ दिसण्यापुरती असते, डब्यावर खाण्यायोग्य असं छापलेलं नसेल तर घेऊ नका. आत टूथपिक नको. अंगणातली फुलं लावायची हौस कुणाला आली तर थांबवा, कण्हेर विषारी आहे. तीन वर्षांखालच्या भावंडांच्या गाडीची जेम्सची चाकं काढून द्या, घशात अडकू शकतात. आणि मेणबत्ती पेटलेली असताना कुणालाही तो फेसाचा स्प्रे उडवू देऊ नका. तो पेट घेतो, मुलांचे चेहरे भाजल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

वेळेचं गणित उलटं मांडा. केक रविवारी पाचला कापायचा. शुक्रवारी स्लॅब भाजा. मेमध्ये संध्याकाळी गडगडाट झाला की वीज जाते, म्हणून सकाळीच ओव्हन लावा. शनिवारी मांगाद आणि गनाश लावून, पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात घालून फ्रिजमध्ये. गाड्या आणि केबिन वेगळ्या, हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर. रविवारी केक खोक्यासकट बाहेर काढा आणि दीड-दोन तास खोकं उघडू नका. दव धरायचं ते खोक्यावर धरेल, केकवर नाही. एवढं पाळलंत तर मागच्या वेळेसारखं होणार नाही.

गाडीत केक सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते. डिकीत रबरी जाळीच्या मॅटवर सपाट ठेवा. जुने गोव्याहून फेरीवर चढताना आणि दिवाडीला उतरताना फळीवर गाडी तिरकी होऊन दणका बसतो, तिथे अगदी सावकाश. खोबरं, केबिन, गाड्यांची रांग हे सगळं घरी पोचल्यावरच मांडा, अर्ध्या तासाचं काम आहे. रविवारी दुपारनंतर फेरीला गर्दी असते, बारापर्यंत निघा. जुन्या घरात मुंग्या असणारच. टेबलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा आणि टेबलक्लॉथ जमिनीला टेकू देऊ नका, नाहीतर त्या तिथून चढतात.

मुलांच्या आयांना आधीच फोन करून विचारा, दूध, गहू, काजू-शेंगदाणे कुणाला सोसत नाहीत का. या केकमध्ये दूध आणि गहू दोन्ही आहेत, तेव्हा अशा मुलासाठी दुसरं काहीतरी तितक्याच मायेने मांडून ठेवा. औक्षण आधी करा, निरांजन बाजूला नेलं की मगच केक पुढे आणा. मेणबत्ती वेगळ्या छोट्या कपकेकवर लावा, तोच त्याला कापू दे. पस्तीस मुलांनी खायचा केक फुंकायची गरज नाही. तोंडाला केक फासण्याचा प्रकार मला मुळीच आवडत नाही, पाच वर्षांचं मूल त्याने घाबरतं.

वाटताना आधी गाड्या उचलून घ्या. मग फेरीचे दीड-दीड इंचाचे चौकोन कापले की चोवीस उंच तुकडे होतात. दुसरा स्लॅब स्वयंपाकघरातच ठेवा. त्याच्यावर नुसता मांगाद पसरा आणि दीड बाय दोनचे छत्तीस तुकडे आधीच कापून ठेवा. मिळून साठ, म्हणजे सगळ्यांना पुरून शेजारच्या दोन घरीही ताटली जाईल. ती पाठवाच. दिवाडीला ताटली रिकामी परत येत नाही, हे सासूबाई सांगतीलच. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला स्वच्छ. तुकडा ज्याच्या हातात त्याची गाडी त्याच ताटलीत. उरलेला केक दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

एक गोष्ट आजच करा. मुलाला बसवून कागदावर फेरी काढा आणि ती कापली जाणार आहे, प्रत्येक मित्राला त्यातली एक गाडी द्यायची आहे, हे त्याला सांगा. गाड्यांचे रंग त्यालाच ठरवू दे. पाच वर्षांच्या मुलाला आपली बोट अचानक सुरीखाली गेलेली सोसत नाही. केबिन कापू नका, ती अख्खी त्याच्या ताटलीत द्या.