पेलेट ग्रिलचा डिफ्यूझर बदलून धुराची चव वाढते का?

तुमचा प्रश्न असा आहे की आर्वीजवळ शेतावर पेलेट ग्रिल (दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारी ग्रिल) आणली, कोंबडी छान शिजते, पण चव ओव्हनमधल्यासारखी येते. मग आगीवरचा मूळ डिफ्यूझर (आगीची उष्णता पसरवणारी प्लेट) काढून जाड, भारी डिफ्यूझर बसवला तर लाकडाच्या धुराची चव येईल का, आणि तो इथल्या वेल्डरकडून करून घेता येईल का?

येईल, आणि करूनही घेता येईल. पण नुसती जाड प्लेट टाकलीत तर उष्णता जरा एकसारखी पसरेल, एवढंच. धूर हवा असेल तर त्या प्लेटवर, बरोबर फायरपॉटच्या (पेलेट जळतात त्या भांड्याच्या) डोक्यावर, लाकडाचे तुकडे धुमसत ठेवायची पेटी लागते. परदेशात अपग्रेड म्हणून जे डिफ्यूझर विकतात त्यातले अशी पेटी असलेलेच कामाचे. वरुडकडे माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ट्रॉली, फवारणी पंपाचे स्टँड अशी कामं चालतात, आणि परदेशात राहून आलेल्या मंडळींमुळे अशा ग्रिलही अधूनमधून दारात येतात.

आधी धूर का येत नाही ते बघा. या यंत्राचं मूळ घर गरम करायच्या भट्टीत आहे, आणि भट्टीला धूर नकोच असतो. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांचा भट्ट्यांचा धंदा होता, त्यातूनच त्यांनी ही ग्रिल काढली. पेटंट १९८६ चं. हॉपरमधले (साठ्याच्या पेटीतले) ६ मिलिमीटर जाडीचे पेलेट ऑगर, म्हणजे फिरता स्क्रू, हळूहळू ढकलतो, ते फायरपॉटमध्ये पडतात, इग्नायटर त्यांना पेटवतो आणि पंखा सतत हवा मारत राहतो. पेलेटमध्ये ओल १० टक्क्यांच्याही आत. एवढं कोरडं, एवढं बारीक जळण आणि वर पंख्याचा वारा म्हटल्यावर ते जवळजवळ पूर्ण जळून जातं. धूर म्हणजे तर अर्धवट जळलेलं लाकूड. धुराचा जो वास आपल्याला आवडतो तो लाकडातल्या लिग्निनमधून निघणाऱ्या ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशा संयुगांचा, आणि लाकूड हवेच्या तुटवड्यात धुमसत राहिलं तर ती मांसावर बसतात. ज्वाळेत ती जळून जातात.

आता तुम्हालाच विचारतो, तुम्हाला कोणता धूर पाहिजे? कारण लोक एकाच नावाखाली तीन वेगळ्या चवी मागतात. तुराट्या-पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताची चव ही सालीला थेट ज्वाळ लागल्याची असते. कोळशावरच्या कबाबाची चव बरीचशी चरबी निखाऱ्यावर टपकून तिचा जो धूर उठतो त्याची. आणि तिसरी चव ही लाकडाच्या धुराची, मंद आचेवर मांस तासन्‌तास ठेवून मिळणारी. पेटीचा डिफ्यूझर फक्त ही तिसरी देतो. पहिल्या दोन्हींच्या आड तर डिफ्यूझर आणि वरचा ड्रिप ट्रेच (टपकणारी चरबी बादलीकडे नेणारा उतरता पत्रा) येतात; त्यांचं कामच ज्वाळ वर येऊ न देणं आणि चरबी आगीत पडू न देणं. काही ग्रिलमध्ये मधोमध सरकती झडप असते, ती उघडली की ज्वाळ थेट जाळीला लागते. भरीत हवं असेल तर तशी झडप बघा, नाहीतर सरळ बांधावर तुराट्या पेटवा. त्या कामाला पेलेट ग्रिल घेणं म्हणजे मला तरी उगाच वाटतं.

तिसरी चव हवी असेल तर पुढे वाचा.

पत्रा ४ मिलिमीटरचा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, घ्या. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) गंजत नाही हे खरं, पण महाग, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जास्त वाकतो. नवशिक्या वेल्डरकडून तो सरळ राहत नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा मात्र कोणी कितीही म्हटलं तरी लावू नका. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं, फायरपॉटच्या डोक्यावर तेवढी उष्णता सहज होते, आणि त्या जस्ताचा धूर अन्नावर तर नकोच, नाकातही नको. रंग दिलेला भंगारातला पत्रा, फवारणीच्या औषधाचा जुना ड्रम कापून काढलेला पत्रा, हेही बाद. सांगायचं कारण, असे पत्रे घेऊन लोक खरंच येतात.

मूळ प्लेट फेकू नका, तीच नमुना. ती फायरपॉटच्या काठापासून किती उंचीवर बसते ते मोजा आणि नवी बरोबर तेवढ्याच उंचीवर ठेवा. खाली आली तर हवा कोंडते, फायरपॉटमध्ये काजळी साचते. वर गेली तर ज्वाळ बाजूने पसरते आणि बाजूच्या भिंतीवरच्या तापमानाच्या सेन्सरला चुकीचा आकडा मिळतो. मग प्लेटच्या मध्यावर पेटी टॅक करा, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी जोडा. साधारण ९ इंच लांब, ३ इंच रुंद, २ इंच उंच. ड्रिप ट्रेखाली जागा कमी असेल तर बुटकी करा, पण ट्रेचा उतार अजिबात बदलू देऊ नका, नाहीतर चरबी बादलीत जायच्या ऐवजी ट्रेवरच साचते आणि तिचा भडका होतो.

खरी गंमत पेटीच्या तळात आहे. तळाला मोठी भोकं पाडली की ज्वाळ थेट लाकडाला लागते, तुकडे भडाभडा जळतात, धूर नाही आणि ताप मात्र वाढतो. भोकं अजिबात नसतील तर तुकडे फक्त पत्र्याच्या उष्णतेने भाजतात, धूर उशिरा सुरू होतो. म्हणून तळाला दोन सुताची (पाव इंचाची) मोजकी भोकं, एका ओळीत. बाजूंना वरच्या अंगाला तेवढीच भोकं धूर निघायला. वर सैल झाकण, वेल्डिंग नाही, नुसतं ठेवलेलं. आत हवा इतकीच जायला हवी की तुकडा लाल होऊन धुमसत राहील, पेटणार नाही. आमच्याकडे आधी कमी भोकं पाडतो. ग्रिल चालवून बघायची, आणि धूर कमी वाटला तर पुढचं भोक. पाडलेलं भोक बुजवणं हा त्रास असतो.

पेटी गरम असताना तुकडे भरायचे तर ड्रिप ट्रे उचलावा लागतो, म्हणून काही जण ट्रेमध्ये झडप कापा म्हणतात. मी सहसा टाळतो, चरबी तिथूनच आगीवर टपकते. कापायचीच असेल तर झडपेच्या चारी बाजूंनी उभी पट्टी लावा. खरं तर कोंबडीला एकदा भरलेली पेटी पुरते. मांस थंड आणि वरून ओलसर असतं तेव्हाच धूर जास्त धरतं. वरची कातडी कोरडी होऊन रापली की पुढचा धूर फारसा लागत नाही. म्हणून कोंबडी फ्रीजमधून काढून थेट जाळीवर ठेवा, आणि आतलं तापमान ७४ अंश झाल्याशिवाय उतरवू नका. मटणाची अख्खी रान (मांडी) ठेवणार असाल तर मात्र पेटी पुन्हा भरावी लागेल.

तयार प्लेट ग्राइंडरने घासून, साबणाने धुऊन, कोरडी करून तिला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. घाणीवरचं खायचं तेल. रंगाच्या दुकानातलं नाही, त्यात सुकवायची रसायनं असतात. मग अन्न न ठेवता ग्रिल पूर्ण आचेवर पाऊण तास चालवा. त्यानंतर जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडून बघा. कुठल्या आधी काळ्या पडतात त्यावरून उष्णता कुठे जास्त जाते ते कळतं. जाड प्लेटचा एक स्वभाव सांगून ठेवतो. ती उशिरा तापते आणि उशिरा निवते, त्यामुळे सुरुवातीला आकडा ठरवलेल्याच्या वर जाऊन येईल. थोडं थांबा, बसतो जागेवर.

तापमान १०७ अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे तिकडचे २२५ फॅरनहाइट. दोनशे अंश सेल्सिअसच्या वर नेलं की आग जोमात जळते आणि धूर आपोआप कमी होतो. चिमणीतून पातळ, निळसर धूर दिसला पाहिजे. दाट पांढरा धूर बघून खूश होऊ नका, तो मांसाला कडवट करतो. कापल्यावर कडेला गुलाबी रेघ दिसली म्हणून चव आली असंही नाही. ती धुरातल्या वायूंमुळे मांसाच्या रंगात झालेला बदल, चवीशी तिचा संबंध नाही.

लाकडाच्या बाबतीत आपण नशीबवान. इथे संत्र्याच्या बागेत बहार घेण्याआधी सल (वाळलेल्या फांद्या) काढतात, त्यातल्या मनगटाएवढ्या फांद्या मागून घ्या. गोडसर, हलका धूर, कोंबडीला उत्तम. पण खोडाचं लाकूड घेऊ नका. डिंक्या रोगासाठी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावलेली असते, म्हणजे मोरचूद आणि चुना. वरच्या फांद्याही साल सोलून घ्या, फवारणी सालीवरच बसते. मटणाला बाभूळ, बोर, आंबा चालतात; बाभळीचा धूर उग्र, तुकडे थोडेच टाका. कडुनिंब नको. सागवान तेलकट, तोही नको. आणि जंगलातून आणलेल्या मोळीत बिब्ब्याची फांदी आली का ते नीट बघा. तिच्या चिकाने अंगावर फोड येतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण जळताना तिचा धूरही तितकाच वाईट. कण्हेरीचंही तसंच, ती विषारी.

तुकडे अंड्याएवढे करा. पाण्यात भिजवू नका, आधी नुसती वाफ निघते आणि वेळ जातो. उलट आपल्या उन्हाळ्यात पत्र्यावर टाकलेलं लाकूड इतकं कडक वाळतं की पेटीत धुमसायच्या आधीच पेट घेतं. सावलीत, हवेशीर ठेवा.

पेलेटबद्दल एक सक्त सूचना. बॉयलरसाठी इकडे पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनच्या कुटाराचे पेलेट मिळतात, स्वस्तही असतात. ते स्वयंपाकाला नाहीत. पऱ्हाटीची राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त, फायरपॉटमध्ये तिचे खडे होतात, आणि कपाशीवर फवारणी किती होते ते तुम्हाला मी सांगायला नको. आरामशीनच्या भुशाचे पेलेटही विचारून घ्या, त्यात प्लायवूडचा भुसा, म्हणजे गोंद, असू शकतो. खाण्यासाठीचे म्हणून विकलेले पेलेटच वापरा आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल लागली की ते फुगून भुसा होतात आणि ऑगर अडकतो.

लाइनचं काय ते आधीच ठरवा. लाइन गेली की पंखा आणि ऑगर दोन्ही थांबतात, आग मात्र धुमसत राहते आणि ऑगरच्या नळीतून हॉपरकडे सरकू शकते. पेटीत लाकूड पेटलेलं असताना तर ग्रिल सोडून वावरात जाऊ नका, इन्व्हर्टर जोडा. ग्रिल अमेरिकेतून आणलेली असेल तर ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, पण ग्रिल ६० हर्ट्झसाठी बनलेली आणि इथले ५० हर्ट्झ तसेच राहतात, त्यामुळे साध्या एसी मोटरचा ऑगर आणि पंखा जरा संथ चालतात.

आणखी एक, तुकडे चुकून भडकले तर कंट्रोलरला (तापमान पाहून पेलेट सोडणाऱ्या यंत्रणेला) उष्णता भरपूर दिसते, तो पेलेट कमी सोडतो आणि खालची मूळ आग विझते. नंतर तापमान उतरलं की पेलेटचा ढीग पडतो आणि एकदम भडका होतो. अशा वेळी झाकण उघडून फुंकायला जाऊ नका. ग्रिल बंद करा, पूर्ण निवू द्या, फायरपॉट रिकामा करा, मगच पुन्हा पेटवा.

पत्रा कापायच्या आधी तीन मापं घ्या: मूळ प्लेटची लांबी-रुंदी, फायरपॉटच्या काठापासून प्लेटपर्यंतची उंची, आणि प्लेटपासून ड्रिप ट्रेपर्यंतची उंची दोन्ही टोकांना वेगवेगळी, कारण ट्रे उतरता असतो. फोटोसकट इथे टाका, कटिंगचा नकाशा काढून देतो. आर्वीत कोणीही वेल्डर त्यावरून करून देईल.