सुभेदारसाहेब पार्षद होणार म्हणतात!

प्रिय अक्का,

माझे यजमान फौजेच्या सिग्नल्समधून, म्हणजे वायरलेस सांभाळणाऱ्या शाखेतून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटचं पोस्टिंग इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होतं, म्हणून इंदूरलाच राजेंद्रनगरात घर बांधलं. आता ते ७१ वर्षांचे आहेत, मी ६६. निवृत्तीला एकवीस वर्षं झाली, पण पलटण काही घरातून गेली नाही. पाचला चहा, साडेपाचला पांघरुणांच्या घड्या. जेवणाला दोन मिनिटं उशीर झाला की कारण विचारतात. कचऱ्याची गाडी आली की फाटकाशी उभे राहून गल्लीतल्या सगळ्यांचे डबे तपासतात. परवा समोरच्या भाभींच्या ओल्या कचऱ्यात शाम्पूची पुडी निघाली, तर त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मी काही बोलले की मुद्दाम 'से अगेन', 'से अगेन' करत राहतात आणि टीव्हीचा आवाज मात्र अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जातो.

नाना म्हणजे त्यांचे जिवलग. २०२४ च्या लोकसभेला नाना नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही'चं बटण, दाबून आले आणि तसं अभिमानाने सांगितलं. हे म्हणाले, "गोळी झाडायची नव्हती तर बंदूक कशाला उचललीत?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता नवीन खूळ म्हणजे पुढच्या नगर निगमच्या (महापालिकेच्या) निवडणुकीत पार्षद, म्हणजे नगरसेवक, व्हायला अपक्ष उभं राहायचं. पोस्टरसाठी वर्दीतला जुना फोटो फ्रेममधून काढून ठेवलाय. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, बाबांना आवर." मी कशी आवरू? खरं सांगायचं तर मला मधूनच हसू येतं आणि मग वाईट वाटतं.

– पलटणीतला एकुलता एक जवान, राजेंद्रनगर

*

प्रिय जवानबाई,

हसा हो, पोटभर हसा. शाम्पूच्या पुडीवर कोर्ट मार्शल भरवणाऱ्या माणसाशी संसार करायचा तर हसू शिलकीत असायलाच हवं.

आणि फौजेचा शेजार आपल्या गावाला काय नवा आहे का? १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी महूला छावणी ठोकली. तेव्हापासून इंदूरकर अर्ध्या तासावर बिगुल वाजताना ऐकतोय. महूच्या सुभेदारांचं म्हणाल, तर १८९१ मध्ये बाबासाहेब आंबेडकर जन्मले ते तिथल्या लष्करी शाळेत शिकवणाऱ्या सुभेदार रामजींच्या घरात, आणि रामजीही मुलांच्या अभ्यासाच्या बाबतीत भारी कडक. म्हणजे तुमच्या ह्यांना परंपरा आहे, फक्त धाकात ठेवायला मुलं हाताशी उरली नाहीत. उरलात तुम्ही आणि समोरच्या भाभी.

आता मुद्द्याचं बोलते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण फौजीच्या बायकांशी बोलून बोलून मला ती न लिहिताही दिसते. हे फील्डवर असताना घर कोण चालवत होतं? फील्ड पोस्टिंगला बायकामुलं नेता येत नाहीत. मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण, बँक, गॅसचा नंबर, ह्या घराचा चुना-विटा-सिमेंट, हे सगळं तुम्हीच बघितलं असणार. सुभेदारसाहेब वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे जेवायचे आणि ट्रंक भरून परत जायचे. मग एके दिवशी ते कायमचे आले. पलटणीत एक माणूस दुसऱ्याच्या जागी आला की काय होतं, तुम्ही मला सांगाल. हँडिंग-टेकिंग होतं. स्टोअरमधल्या चमच्यांपासून जनरेटरपर्यंत एकेक वस्तू मोजून, दोघांच्या सह्या होऊन चार्ज बदलतो. तुमच्या घरात असं काही झालंच नाही. जुन्या कमांडरने खुर्ची सोडली नाही, नव्याने न विचारता हुकूम सोडायला सुरुवात केली, आणि एकवीस वर्षं एकाच स्वयंपाकघरात दोन हेडक्वार्टर चाललीत. सुभेदारसाहेबांना वाटतं जवान बेशिस्त आहे. जवानाला वाटतं, हा कोण आला मला सांगणारा?

तेव्हा उशिरा का होईना, हे काम करून टाका. रविवारी सकाळी पोह्यांवर जीरावन-शेव घालून, जलेबी आणून, म्हणजे शत्रूला गाफील करून, एक वही मांडा. कचऱ्याची गाडी, विजेचं बिल, दोघांच्या गोळ्या, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) चकरा आणि पेन्शनसाठी वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला, ह्याचा चार्ज त्यांचा. स्वयंपाकघर, जेवणाची वेळ, नातेवाईक, रात्री आठनंतरचा रिमोट आणि समोरच्या भाभी, ह्याचा चार्ज तुमचा. खाली दोन सह्या. पुढच्या वेळी 'कारण?' विचारलं की भांडायचं नाही, वहीचं पान दाखवायचं. फौजी माणूस बायकोचं ऐकत नसेल एकवेळ, सहीचं ऐकतो.

भाभींचा चार्ज तुमच्याकडे का, हे कळलं ना? माफी मागायचं काम त्यांच्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही वाटीभर काहीतरी घेऊन जाऊन या.

आता ते 'से अगेन'. वायरलेसवर संदेश नीट आला नाही की 'से अगेन' म्हणतात, आणि सिग्नल्सचा माणूस ते झोपेतही म्हणेल. पण जवानबाई, मला दाट शंका आहे की ह्यात मुद्दाम काहीच नाही. त्यांना ऐकू येत नाहीये, आणि 'ऐकू आलं नाही' म्हणण्यापेक्षा 'से अगेन' म्हणण्यात इज्जत राहते. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन, शेजारी जनरेटर, रेंजवरचा गोळीबार, वर वय. ह्या सगळ्यात आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. बायकांचे आणि पोरांचे आवाज, 'स', 'श', 'फ' अशी अक्षरं. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. नाना खर्जात बोलतात का हो? मग ते त्यांना ऐकू येत असणार आणि तुम्ही नाही, आणि इतकी वर्षं तुम्ही मनात म्हणत असाल की मित्राचं बरं ऐकू येतं!

म्हणून ओरडू नका, ओरडून शब्द आणखी फाटतात. कुकरच्या शिट्टीत, पाठ फिरवून, आतल्या खोलीतून बोलू नका. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. आणि कानाची तपासणी करवून घ्या. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून कानाच्या डॉक्टरकडे रेफर करून घेतलं की मशीनची सोय होते. फक्त घरात त्याला 'कानाचं मशीन' म्हणायचं नाही. 'नवीन सेट' म्हणा. त्याला बॅटरी असते, चार्जिंग असतं, वेगवेगळे प्रोग्राम असतात, मोबाइलला जोडता येतो. सिग्नल्सवाला माणूस त्याचं लॉगबुक ठेवील, आणि आठवड्याभरात नानांनाही सल्ला देईल. नाना बोलत असते तर.

आता राजकारण. तुमच्या मुलाला वाटतं म्हातारपणी बाबांचं डोकं फिरलं. मला वाटतं ही थकबाकी आहे. वर्दीत असेपर्यंत माणसाला पक्षात जाता येत नाही, राजकीय सभेला जाता येत नाही, वर्गणी देता येत नाही. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चा, त्याखालचे नियम १९५४ चे, आणि ते पक्के आहेत. मत द्यायचं तेही बहुधा टपालाने. गल्लीतली पोरं चहाच्या टपरीवर सरकारं पाडत आणि बसवत होती, तेव्हा हा माणूस कुठल्यातरी टेकडीवर अँटेना धरून गप्प बसला होता. तीस वर्षांचं सगळं बोलायचं साठलंय. ते नानांवर निघालं, टीव्हीवर निघतं, आता वॉर्डावर निघणार.

आणि वयाचं काय घेऊन बसलात? फौज सुभेदाराला पन्नाशीच्या आसपास घरी पाठवते. राजकारणात पन्नाशीच्या माणसाचे 'युवा हृदय सम्राट' म्हणून चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात, आपल्या इंदूरात तर खांब पुरत नाहीत. मोरारजीभाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ चे होते. घरबसल्या मत द्यायची सवलत निवडणूक आयोग आता ८५ च्या पुढे देतो, म्हणजे आयोगाच्या लेखी तुमचे हे अजून चौदा वर्षं रांगेत उभं राहण्याइतके जवान. आणि ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर थेट दुप्पट. एवढी प्रमोशनं त्यांना नोकरीत मिळाली होती का? प्रमोशनचा बोर्ड नाही, साहेबाने लिहायचा वार्षिक अहवाल नाही, साहेबाची मर्जी नाही. फक्त श्वास चालू ठेवायचा.

उभं राहू नका म्हणून हट्ट मात्र धरू नका. शत्रूने अडवलेल्या टेकडीवर चढायचंच, हे त्यांना शिकवलंय. त्यापेक्षा एक कहाणी सांगा. फील्ड मार्शल करिअप्पा, भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, त्यांच्याहून मोठं नाव फौजेत कुठलं काढणार? तेही १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. मतदार सलाम ठोकतो तिथेच मत देतो असं नाही. हे तुम्ही सांगू नका, ह्यांच्या कोणा जुन्या साहेबाकडून फोनवर सांगवा. (नवीन सेट आल्यावर.)

वर्दीतला फोटो परत फ्रेममध्ये घाला, आजच. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ च्या मार्चमध्ये बजावलंय की प्रचारात सैन्यदलांचे आणि जवानांचे फोटो वापरू नका. सुभेदारसाहेबांना 'छान दिसत नाही' म्हटलं तर चालणार नाही, 'नियमात बसत नाही' म्हणा. बुशशर्टवर नवा फोटो काढा. एकवीस वर्षांपूर्वीच्या कमरेच्या माणसाला मत दिलं आणि दारात दुसराच आला, अशी तक्रारही मग राहणार नाही.

आणि प्रचार आत्तापासून सुरू करायला लावा. डबे तपासण्याचा नको, कामाचा. बंद दिवे, तुंबलेली नाली, पार्कातली तुटलेली बाकं, सगळं वहीत लिहायचं, नगर निगमच्या ३११ अ‍ॅपवर तक्रार टाकायची, काम होईपर्यंत पाठलाग करायचा. निवडून आले तर उत्तम. नाही आले तरी तुमच्या गल्लीतले दिवे लागतील, आणि सकाळी दोन तास घर तुमचं.

नानांचं बघू. २०२४ ला काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली, आणि इंदूरात नोटाला २,१८,६७४ मतं पडली. एका मतदारसंघात नोटाला एवढी मतं देशात आधी कुठेच पडली नव्हती. नाना त्या गर्दीतले एक. म्हणजे नाना पळाले म्हणता येत नाही, चांगले दोन लाखांच्या ब्रिगेडसोबत होते. आणि नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त तोच निवडून येतो, म्हणजे तुमच्या ह्यांचं बंदुकीचं म्हणणंही खोटं नाही. दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहेत, म्हणूनच भांडण एवढं टिकलंय. समेटाचं बोलणं तुम्ही काढू नका. फक्त ह्यांना विचारा, अपक्ष उमेदवाराला मतमोजणीच्या टेबलावर बसायला भरवशाचा माणूस लागतो, तुमचा कोण? नानांशिवाय त्यांच्याकडे नाव आहे का दुसरं? मोजणीत नोटाची मतं मोजायला नानांहून उत्साही माणूस मिळायचा नाही.

एक गोष्ट मात्र अजून कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. इंदूर नगर निगमचे ८५ वॉर्ड, आणि आपल्या मध्य प्रदेशात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव. कुठला वॉर्ड महिला होणार, ते निवडणुकीआधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. मागची निवडणूक २०२२ च्या जुलैत झाली, म्हणजे पुढची फार लांब नाही. तुमच्या वॉर्डाची चिठ्ठी महिला निघाली, तर सुभेदारसाहेबांना घरी बसणं नाहीतर 'पार्षदपती', म्हणजे पार्षदबाईंचा नवरा, होणं, एवढंच उरतं. आणि हा शब्द आपल्याकडे चेष्टेने म्हणत नाहीत हो, लोक गाडीच्या काचेवर लिहून फिरतात! तेव्हा ते वहीचं पान लिहिताना शेवटची एक ओळ आत्ताच घालून घ्या. 'वॉर्ड महिला निघाल्यास उमेदवार पत्नी, प्रचारप्रमुख पती, आणि प्रचारात पतीने से अगेन म्हणू नये.' सही घ्या.

चिठ्ठी निघाली की मला कळवा. माझंही नाव राजेंद्रनगरच्याच यादीत आहे, आणि पोस्टरवर तुमचा फोटो कुठल्या साडीत घ्यायचा ते ठरवायचं आहे.

– तुमची अक्का