मल्टिमीडिया म्हणजे काय आणि त्याचा उपयोग कुठे होतो?

मजकूर, चित्र, आवाज, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ यांतली काही माध्यमं संगणकावर एकत्र गुंफली की झालं मल्टिमीडिया, म्हणजेच बहुमाध्यम. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा शिकण्यात. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात हे पुस्तकातल्या आकृतीवरून नीट कळत नाही. तेच अ‍ॅनिमेशन हवं तिथे थांबवून, मागे नेऊन, ठोक्याच्या आवाजासकट पाहिलं की चटकन डोक्यात बसतं. जाहिराती, गेम, बातम्या, वैमानिकांचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, इथेही तेच वापरतात. फाइल मात्र फुगतात. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा आवाज साधारण १० एमबी, एमपी-थ्री केला की १ एमबीच्या आसपास. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करणं, लागतंच. आणि व्हिडिओ बनवलात तर सबटायटल जरूर द्या, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही तो कळायला हवा.