थायलंडसाठी ई-सिम घेतलं, टॉवर दिसतोय पण नेट चालत नाही, काय करू?

त्या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच नेट येतं. लोकांना वाटतं की थायलंडचंच सिम आहे तर रोमिंग कशाला, पण टुरिस्टसाठी ऑनलाइन मिळणारी बरीच ई-सिम दुसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि थायलंडमधल्या एआयएस किंवा ट्रू या मोबाइल कंपन्यांच्या टॉवरवर पाहुणी म्हणून चालतात, म्हणून फोन त्याला रोमिंगच धरतो आणि हे बटण बंद असेल तर टॉवर फुल दिसूनही नेट शून्य. सेटिंगमध्ये सिमच्या यादीत जाऊन नेमकी ई-सिमचीच लाइन उघडा, मोबाइल डेटासाठीही तीच निवडा, मग एरोप्लेन मोड एकदा चालू-बंद करा.

तरी नाही आलं तर:
- ई-सिमच्या मेलमध्ये बहुतेक वेळा एपीएन (फोनला नेटशी जोडणाऱ्या सेटिंगचं नाव) दिलेला असतो, तो अक्षर न अक्षर तसाच टाका
- नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हाताने दुसरं निवडून बघा

आणि हे प्लीज विसरू नका, भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंदच ठेवा, आयफोनवर डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाऊ देणारा पर्यायही बंद करा, नाहीतर पॅक नसताना बिल जबरदस्त येतं. सिम पूर्ण बंद करायची गरज नाही, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, फक्त त्यासाठी त्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग आधीच सुरू केलेलं हवं.

फोन परदेशातल्या एखाद्या कंपनीला लॉक असेल, म्हणजे फक्त तिचंच सिम घेत असेल, तर मात्र यातलं काहीच चालणार नाही, आधी तो अनलॉक करून घ्यावा लागेल.